जुनी कोलोनिया, नवी कोलोनिया : एका बाटलीवरून उठलेला संशय

सुगंधांबाबत सल्ला देण्याच्या माझ्या कामात ‘नवी बाटली पूर्वीसारखी नाही’ ही तक्रार कायम येते. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या बोलण्यात मिटते. या प्रकरणाला बरेच महिने लागले. बाटली, नाक, आठवण आणि भावंडांमधला रुसवा असं सगळंच त्यात गुंतलं होतं, म्हणून ते सविस्तर मांडतेय. घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

ज्यांच्या बाटलीवरून हे सगळं सुरू झालं ते काका मर्चंट नेव्हीत मरीन इंजिनियर होते. आता पंचाहत्तरीला आलेत आणि कोकणात किनाऱ्याजवळच्या घरी राहतात. नव्वदच्या दशकात त्यांचं जहाज इटलीतल्या जिनोआ आणि लिव्होर्नो बंदरांना लागायचं. इंजिनरूममधली वॉच, म्हणजे पाळी, संपली की अंगाला डिझेलचा आणि ल्यूब ऑइलचा वास असा चिकटलेला असे की दोनदा साबण लावूनही नखांतून जात नसे. जहाजावरच्या एका इटालियन चीफने त्यांना एकदा पिवळ्या डब्यातली बाटली पुढे केली. तेव्हापासून नेमच झाला. आंघोळ करायची, मानेवर आणि मनगटावर कोलन, म्हणजे ते हलकं सुगंधी पाणी, लावायचं, मगच गँगवे (जहाजाचा जिना) उतरायचा. पुढे प्रत्येक इटालियन बंदरावर बाटली घेणं आलंच. शेवटची बाटली निवृत्तीच्या थोडं आधी घेतलेली. तिच्या तळाशी उरलेलं दोन बोटं कोलन त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं, आणि सणासुदीला थोडंसं लावत.

ही बाटली म्हणजे ‘आक्वा दि पार्मा’ची कोलोनिया. १९१६ साली पार्मा शहरात कार्लो मान्यानी यांनी ती बाजारात आणली. तेव्हा जड, गोडसर सुगंधांची चलती होती. त्यात ही लिंबू-संत्र्याची मोकळी झुळूक उठून दिसली. रुमालावर शिंपडायचा सुगंध म्हणून ती वापरली जाई, आणि सूट शिवून देणाऱ्या शिंप्यांच्या दुकानांतूनही ती लोकांपर्यंत पोचली. लेबलावरचं चिन्ह मारी लुईझचं. नेपोलियनची ही दुसरी पत्नी १८१४ पासून १८४७ पर्यंत पार्माची डचेस होती. पुढे फॅशन बदलली आणि कोलोनिया मागे पडली. १९९३ साली दिएगो देल्ला वाल्ले, लुका दि मोंतेझेमोलो आणि पाओलो बोर्गोमानेरो या तिघा इटालियन उद्योजकांनी ती हाती घेतली, आणि २००१ पासून फ्रान्सचा एलव्हीएमएच हा चैनीच्या वस्तूंचा उद्योगसमूह तिच्यात आला. काकांना चीफने दिलेली बाटली या पुनर्जन्मानंतरची.

काकूंनी ती पहिल्यांदा हुंगली तेव्हा म्हणाल्या होत्या, “हे तर तापात कपाळावर ठेवायच्या घड्यांचं युडीकोलन!” त्यांचं नाक बरोबर होतं. कूळ एकच. जोव्हान्नी मारिया फरीना हा उत्तर इटलीतल्या डोंगराळ खेड्यातला माणूस अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात जाऊन स्थिरावला. १७०८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की, मला एक असा सुगंध सापडलाय ज्याने पाऊस पडून गेल्यानंतरची इटलीतली वसंतातली सकाळ आठवते. आपल्या आज्यांच्या कपाटातलं युडीकोलन आणि पार्माची कोलोनिया ही दोन्ही त्याच पाण्याची लेकरं.

तिच्या घडणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच उलगडतो. वर सिसिलीचं लिंबू, गोड संत्रं आणि कालाब्रियाचं बर्गमॉट. मधे लव्हेंडर, रोझमेरी, व्हर्बिना आणि दमास्क गुलाब. तळाला वाळा, चंदन आणि पॅचौली, म्हणजे आपली ‘पाच’ ही सुगंधी वनस्पती. बर्गमॉट हे संत्र्याच्या कुळातलं, आंबट-कडू, खाण्यापेक्षा सालीसाठीच पिकवलं जाणारं फळ. जगातल्या बर्गमॉटचा फार मोठा वाटा इटलीच्या अगदी टोकाला, रेज्जो कालाब्रियाच्या किनाऱ्यावरच्या अरुंद पट्ट्यात होतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये तोडणी होते, आणि साधारण २०० किलो फळांच्या सालीतून १ किलो तेल मिळतं. लिंबू आणि संत्र्याच्या तेलात मुख्य भाग लिमोनीनचा. हा रेणू हलका, झटकन उडणारा. वाळा आणि चंदनाचे रेणू जड, ते तासन् तास कापडाला धरून राहतात. म्हणजे कोलोनियाची पहिली पंधरा मिनिटं आणि तिसरा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझ्या मते तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या आयुष्याचं मर्म इथेच आहे. ती पुढे येते ती लख्ख, धुतल्यासारखी, आणि मागे राहते ती इतकी हळू की ती बाटलीतली की माणसाच्या अंगची, हे सांगता येत नाही. बाई लावो, बाप्या लावो, कोणालाच ती परकी वाटत नाही.

अडचण

पंचाहत्तरीला मुलीने काकांना नवी बाटली भेट दिली. ऑनलाइन घेतलेली, बऱ्यापैकी सवलतीत. काकांनी सगळ्यांसमोर मनगटावर फवारा मारला, हुंगलं, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “छान आहे गं. पण हे पाणी आहे. माझं ते हे नव्हे.” त्यानंतर बाटलीला त्यांनी हात लावला नाही.

घरात लगेच दोन तट पडले. मुलाचं म्हणणं, सवलतीत घेतलीस म्हणजे नकलीच असणार. मुलीचं म्हणणं, कंपन्याच हल्ली माल पातळ करतात. तिला खरं दुखलं ते वडिलांच्या नकाराने, पण भांडण झालं ते विक्रेत्यावरून. परतीची मुदत संपायला दोनच दिवस उरले असताना ती दोन्ही बाटल्या पिशवीत घालून माझ्याकडे आली.

पहिला निर्णय : परत करायची की ठेवायची

घाई होती, म्हणून आधी बाटलीच पाहिली. डब्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळत होता. झाकणाची बसवण आणि लेबलाच्या कडा व्यवस्थित होत्या. यावरून बाटली खरी ठरत नाही, नकली माल बनवणारे हे सगळं जुळवतात. खरी परीक्षा वेळेची. नकली बाटल्यांत पहिली पाच मिनिटं हुबेहूब साधलेली असतात. पुढे मात्र गुलाब-लव्हेंडरचा थर येतच नाही, एकच सपाट साबणी वास उरतो.

मिलानच्या दुकानातून पावतीसह आणलेली कोलोनिया माझ्या एका परिचिताकडे होती. तिची आणि या नव्या बाटलीची अशा दोन कागदी पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मधूनमधून हुंगत राहिले. दोन्ही पट्ट्या हातात हात घालून चालल्या. आधी लिंबू, मग रोझमेरीची हिरवी कडवट झाक, दुपारी गुलाब, संध्याकाळी वाळ्याचा कोरडा मातकटपणा. बाटली ठेवा, असं मी मुलीला सांगितलं. मुदत गेली. हा निर्णय जोखमीचा होता, पण ती परत केली असती तर काकांना पुन्हा तीच बाटली मिळाली असती आणि ते पुन्हा ‘माझं ते हे नव्हे’ म्हणाले असते.

मग जुनी बाटली उघडली. फिकट पिवळं असायला हवं ते द्रव मधाच्या रंगावर गेलं होतं. पट्टीवर टाकल्याबरोबर टर्पेंटाइनसारखा, व्हार्निशसारखा भपका आला. लिंबू नावालाही नाही. हा प्रकार सर्वज्ञात आहे. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत भरपूर हवा, आणि हवेतल्या ऑक्सिजनने लिमोनीनचं रूपांतर होत जातं. कोकणातल्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. भपका ओसरल्यावर मात्र खाली लव्हेंडरचा शेष, वाळलेला गुलाब आणि चंदन असा फार सुंदर तळ उघडा पडला. क्षणभर मलाही वाटलं, काकांची आवड काही वाईट नाही.

दुसरा निर्णय : बाटलीऐवजी नाक तपासणं

वास बदलला असेल तर तो बाटलीत, हवेत किंवा हुंगणाऱ्यात बदलतो. तिसरी शक्यता कोणी काढत नाही, कारण ती अपमानास्पद वाटते. काकांना थेट ‘तुम्हाला वास कमी येतो’ म्हणणं मला जमलं नसतं आणि त्यांना रुचलंही नसतं. म्हणून मुलीने त्यांना सांगितलं की दोन्ही बाटल्यांची तुलना करायला तुमची मदत हवी आहे. इंजिनियर माणूस, तपासणी म्हटल्यावर ते लगेच चष्मा लावून बसले.

पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पुढून सगळ्या सारख्या. जुन्या बाटलीची पट्टी त्यांनी लगेच ओळखली. “हे. हेच माझं.” नव्या बाटलीच्या ताज्या पट्टीवर म्हणाले, “स्पिरिट आहे थोडं, बाकी काही नाही.” मग मी नव्या बाटलीचीच, पण चार तास आधी भिजवून ठेवलेली पट्टी दिली. ते बराच वेळ ती नाकाशी धरून राहिले. “हे जवळ आहे. फिकं आहे, पण जवळ आहे.”

गाठ इथे सुटली. स्वयंपाकघरातून कागदी लिंबू मागवून त्यांच्यासमोर सालीला नख लावलं. खोलीत आम्हा सगळ्यांना वास आला. काकांना काहीच जाणवलं नाही, नाकाला लावल्यावर म्हणाले, “आंबट आहे.” लवंग मात्र त्यांनी डोळे मिटून ओळखली.

साठीनंतर घ्राणशक्ती कमी होत जाते, आणि ती सगळ्या वासांबाबत सारखीच कमी होते असं नाही. त्यात काकूंना आठवलं की कोविडमध्ये यांचं तोंड महिनाभर बेचव होतं. म्हणजे कोलोनियाचा वरचा, उडणारा भाग काकांपर्यंत पोचतच नव्हता. आणि गेली बरीच वर्षं ते जी बाटली सणासुदीला हुंगत होते, तिच्यातलं लिंबूही मरत चाललं होतं. नाक आणि बाटली दोघंही एकाच दिशेने सरकत गेली, आणि त्यांच्या आठवणीतली कोलोनिया हळूहळू फक्त तळापुरती उरली. नवी बाटली त्यांनी पहिल्या मिनिटात नाकारली. पहिला अंक ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाने मध्यंतराआधीच उठून घरी जावं, तसं झालं होतं.

पर्याय

मुलाला जुनी बाटली शोधायची होती. परदेशी लिलावांत जुन्या सीलबंद बाटल्या मिळतात, महागही असतात. मी विरोध केला. लिंबूवर्गीय सुगंध साठवणुकीत टिकत नाहीत. पन्नास वर्षं जुनं चंदनाचं अत्तर आणि तेवढंच जुनं कोलन यांची बरोबरी होत नाही. शिवाय ऑक्सिडाइझ झालेल्या लिमोनीनने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

दुसरा पर्याय याच घराण्यातल्या जड भावंडांचा. २००३ साली कोलोनिया आस्सोलूता आली, २००७ साली इन्तेन्सा, २०१० साली एस्सेन्झा. इन्तेन्साचा नमुना आणून काकांना दिला. आलं, वेलदोडा आणि चामड्याची झाक त्यांना स्पष्ट जाणवली. “चांगलं आहे, पण हा दुसरा माणूस आहे,” म्हणाले. तिथेच तो विषय संपला.

तिसरी कल्पना काकूंची होती, खाली वाळ्याचं अत्तर लावून वर कोलोनिया मारायची. कागदावर ही मला पटली, कारण तळात वाळा आहेच. पण करून पाहिल्यावर वाळ्याच्या ओल्या मातीसारख्या दाट हिरवेपणात गुलाब आणि लव्हेंडर दोन्ही बुडाले. राहिला तो फक्त वाळा. काकांना तो आवडलाही, पण त्यासाठी कोलोनिया लागतेच कशाला?

बाजारात मिळणारी ‘डिट्टो’ तेलं, म्हणजे नावाजलेल्या सुगंधांच्या नकला, मी मोजलीच नाहीत. राहिला शेवटचा पर्याय. बाटली नवीच ठेवायची, लावण्याची पद्धत बदलायची, आणि नाकाकडे डॉक्टरांना बघू द्यायचं.

काय केलं

पहिलं काम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्याचं. याला मी पर्याय ठेवला नाही. वास कमी होणं बहुधा वयाचं किंवा विषाणूचं असतं, पण नाकात पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, असू शकतो, आणि पार्किन्सन्ससारख्या आजारात ते फार आधी दिसणारं लक्षणही असतं. डॉक्टरांना गंभीर काही आढळलं नाही. त्यांनी वासांचा व्यायाम सुचवला. जर्मनीत ड्रेसडेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन हुंगायचे, बारा आठवडे. काकांनी चार झाकणाच्या डब्या केल्या, त्यांवर लेबलं चिकटवली आणि इंजिनरूमच्या लॉगबुकासारखी वही घातली. रोजच्या नोंदीत ‘लिंबू : शून्य’ असं लिहायला त्यांना काही वाटत नसे. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडला.

दुसरं, कोलोनिया अंगावरून कापडावर आणली. सुती रुमालाला आणि गंजीफ्रॉकला लावायची, मग अर्धा तास दुसरं काहीतरी करायचं आणि नंतर हुंगायचं. सुती धाग्यात तळाचे वास त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतात, घामात वाहून जात नाहीत. पांढऱ्या शर्टावर मात्र नको, डाग राहतो.

कापडाचं आणखी एक कारण होतं. काका सकाळी उन्हात किनाऱ्यावर चालायला जातात. बर्गमॉटच्या सालीतल्या बर्गाप्टेन या रसायनावर ऊन पडलं की त्वचेवर भाजल्यासारखे, नंतर काळपट डाग पडू शकतात. फ्रॉइंड नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने कोलन आणि ऊन यांचा हा संबंध नोंदवला तो १९१६ साली, म्हणजे कोलोनिया आली त्याच वर्षी. आज सुगंध उद्योगाच्या नियमांत बर्गाप्टेनवर कडक मर्यादा आहे आणि ते काढून टाकलेलं बर्गमॉट तेल सर्रास वापरतात, त्यामुळे आजच्या कोलनांत ही भीती पूर्वीइतकी नाही. पण काकांकडे जुनी बाटलीही होती. ती अंगाला लावायची नाही, फक्त हुंगायची, यावर मी ठाम राहिले. उरलेलं कोलन लहान गडद काचेच्या कुपीत काठोकाठ भरून दिलं, म्हणजे आत हवा राहणार नाही.

निष्पत्ती

बारा आठवड्यांनी वहीत लिंबासमोर शून्याच्या जागी ‘थोडं’ आलं. डॉक्टरांच्या मते ही समाधानकारक सुधारणा. व्यायाम पुढेही चालू ठेवला आहे. नव्या बाटलीच्या पहिल्या मिनिटात काकांना आता ‘काहीतरी थंड’ जाणवतं, हा त्यांचाच शब्द. गुलाब स्पष्ट येतो. सकाळी रुमालाला लावून चालून आल्यावर जो वास येतो, त्याला ते आता ‘माझं’ म्हणतात.

सगळं जुळलं असं मात्र नाही. जुनी कुपी त्यांनी टाकलेली नाही आणि अजूनही त्यांना तीच खरी वाटते. यावर मी वाद घालत नाही. त्यांच्या जहाजावरच्या दिवसांत कोलोनिया उघडली की पहिल्यांदा लिंबूच येत असणार, ती बाटली ताजी होती आणि नाक चाळिशीचं होतं. पण माणूस सुगंधाच्या कोणत्या मिनिटावर जीव लावतो, ते त्याचं तोच ठरवतो. कोलोनिया आवडणाऱ्या कित्येकांशी बोलल्यावर मला हे दिसतं की कोणी पहिल्या पाच मिनिटांसाठी ती घेतो, कोणी केस कापून घेतल्यानंतरच्या मानेसारखा वास येतो म्हणून, आणि कोणी संध्याकाळी कॉलरमध्ये राहिलेल्या तळासाठी. एकाच बाटलीत या सगळ्यांची सोय आहे, आणि म्हणूनच ‘पूर्वीची वेगळी होती’ हे भांडणही तिच्याबाबत जास्त होतं.

भावाबहिणींतला अबोला, बाटली खरी आहे हे कळल्यावर नाही, तर वडिलांच्या नाकाची तपासणी झाल्यावर मिटला. डॉक्टरांकडे दोघं मिळून घेऊन गेले होते.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आमची सुरुवात विक्रेत्यावरच्या संशयाने झाली, कारण परतीची मुदत डोक्यावर होती. लिंबाच्या सालीला नख लावायला अर्धं मिनिट लागतं. वयस्क माणसाची ‘वास पूर्वीसारखा नाही’ ही तक्रार आली की आधी स्वयंपाकघरातल्या चार गोष्टी हुंगायला द्याव्यात, बाटलीकडे मग वळावं. एकटं राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे फार गरजेचं, कारण ज्याला लिंबू कळत नाही त्याला गॅसची गळतीही कदाचित कळणार नाही. काकांच्या घरी गॅसचा डिटेक्टर बसला, पण तो सगळं आटोपल्यावर. तो पहिल्या आठवड्यात बसायला हवा होता.

काकांना तपासणीचा खरा हेतू आधीच सांगावा का, यावर मुलीचं आणि माझं अजून एकमत नाही. तिला वाटतं, सांगायला हवं होतं. मला वाटतं, मग ते चष्मा लावून बसलेच नसते.

आणि भेटीची बाटली १८० मिलीची होती. लिंबूवर्गीय कोलन, दमट उष्ण हवा आणि दिवसाआड रुमालाला दोन फवारे, या हिशेबात ती संपण्याआधीच तिच्यातलं लिंबू पुन्हा मावळायला लागेल. सध्या ती फ्रिजच्या दारात, डब्यासकट ठेवली आहे. पुढची बाटली ५० मिलीचीच घ्यायची, असं मुलीने आणि मुलाने मिळून ठरवलं आहे.